हेल्मेटमधलं बोलणं

सोपान,

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन बसलो होतो. ती रडत नव्हती. "काका, पप्पा गेले," म्हणाली. मग दवाखाना कुठला ते सांगितलं, समोर गाडी लावायला जागा नाही, मागच्या गल्लीत लावा, हेही सांगितलं. मी बरं म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि पोहे खाल्ले. सगळे खाल्ले. बशीच्या कडेला ठेवलेली लिंबाची फोडसुद्धा चोखली. मग हात धुतले, साहेबांना सांगितलं आणि निघालो. भूक नव्हती, चवही कळत नव्हती. तरी का खाल्ले, हे मला अजून सांगता येत नाही.

दवाखान्यात तू स्ट्रेचरवर होतास. सकाळी पॉलिहाऊसमध्ये गुलाब काढता काढता दोन ओळींच्या मधे बसलास आणि मग आडवा झालास, असं तिथल्या बाईने सांगितलं. डॉक्टर अश्विनीशी हृदयाबद्दल बोलत होते. मी तुझ्या उजव्या हाताकडे पाहत होतो. अंगठ्याशी काट्याचा ओरखडा होता, ताजा. याला काहीतरी लावायला हवं, पिकेल, असं माझ्या मनात आलं. तेवढंच आलं. दुसरं काही आलंच नाही.

गावी, टाकव्याला, नदीवर नेलं तेव्हाही तसंच. कुणीतरी विचारलं, तुम्ही भाऊ का? मी हो म्हणालो, शाळेपासूनचा दोस्त असं सांगत बसलो नाही.

मंडळाच्या पोरांनी फ्लेक्ससाठी चार ओळी मागितल्या होत्या. जन्म, शिक्षण, सोसायटीत काय होतास, कुणाकुणाला मदत केलीस. त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलं आणि छान लिहिलंय. तुझा फोटो लग्नातला टाकलाय. तू फेट्यात इतका गंभीर का दिसतोस, ते फक्त मला आणि वहिनींना ठाऊक. फेटा ढिला होता आणि तू मान हलवायला घाबरत होतास.

मी लिहितोय ते त्यासाठी नाही. तुझ्याशी बोलायची सवय आहे आणि ती मला कुठेतरी ठेवायला हवी. इतकी वर्षं दर रविवारी तू माझ्या कानात होतास.

वहिनी पडल्या त्यानंतरची ही गोष्ट. त्याआधी आपल्याला कसली यंत्रं लागत नव्हती. दोघांच्या दोन मोटरसायकली, तू पुढे, मी मागे, वळायचं असेल तर तू डावा हात काढायचास, थांबायचं असेल तर ब्रेकचा दिवा दोनदा लावायचास. एवढ्यावर आपण कोरीगडापर्यंत जाऊन आलोय, दुधिवरे खिंडीतल्या धुक्यात एकमेकांना हरवून पवनानगरला परत सापडलोय. तेव्हा कधी कधी वहिनी तुझ्या मागे बसून यायच्या. त्यांना मागे बसायला आवडायचं. साडी नेसून बसायच्या, एका बाजूला, आणि सगळा रस्ता तुझ्या पाठीशी बोलत असायच्या.

त्या दिवशी मी नव्हतो. तुम्ही दोघं खांडीहून, वहिनींच्या माहेराहून परत येत होतात. वडेश्वरच्या अलीकडे, ओढ्याची मोरी ओलांडली की रस्ता उजवीकडे वळतो, तिथं खडी सांडली होती. गाडी घसरली. तुला कोपराला खरचटलं. वहिनी कठड्यावर पाठीवर आपटल्या. ऑपरेशन झालं, दुसरं झालं, तरी कमरेखाली काही परत आलं नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी खाट आली. तेव्हापासून त्या तिथंच.

तू गाडी विकायला काढलीस. गिऱ्हाईकही आलं होतं, वडगावचं. वहिनींनीच त्याला खाटेवरून हाक मारून परत पाठवलं. तुला म्हणाल्या, "मी पडून हाय, आता तुमी पण बसून ऱ्हाता का? जावा. आन् आल्यावर काय बघितलं ते सांगा." मग तू परत निघालास. पण यायचास आणि त्यांनी विचारलं, काय बघितलं, की म्हणायचास, "काय न्हाई. न्हेमीचंच." त्या भिंतीकडे तोंड करायच्या. हे तू मला लोणावळ्यात भुशीच्या रस्त्यावर गर्दीत अडकलो होतो तेव्हा सांगितलंस. पुढे पर्यटकांच्या मोटारी, मागे मोटारी. तू गाडी बंद केलीस, मान वळवलीस आणि म्हणालास, "तिला सोबत आणायचं बघू काहीतरी."

मला वाटलं, साइडकार म्हणतोस. तू वॉकीटॉकी म्हणत होतास.

पहिला जोड पुण्यातून आणला. हातात मावणारे, काळे, वर छोटी दांडी. एक वहिनींच्या उशाशी, एक तुझ्या खिशात. तू त्यांना शिकवलंस की बोलायच्या आधी बटण दाबायचं, बोलून झालं की सोडायचं आणि सोडण्याआधी ओव्हर म्हणायचं. त्या ओव्हर काही म्हणेनात. "झालं माझं," म्हणायच्या. गल्लीत, मंदिरापाशी, पुलावर ते झकास चाललं. शेजारच्या बायका ऐकायला येऊन बसल्या. गाव सोडलं आणि फळण्याच्या पुढे पहिला डोंगर आडवा आला तसा नुसता खरखराट. तू रस्त्याच्या कडेला उभा राहून यंत्र डोक्यावर धरून फिरत होतास, आणि त्या आवाजात वहिनींचं कुठूनतरी एकदाच ऐकू आलं, "झालं माझं." पुढे काहीच नाही. तू परत फिरलास. त्या रविवारी आपण गावाच्या बाहेर गेलोच नाही.

मग कळलं की आपल्या भागात डोंगर आहेत तोवर असल्या यंत्राने घरापर्यंत आवाज पोचणार नाही. शिवाय बटण दाबायला हात हँडलवरून काढावा लागतो. वहिनींनी ते ऐकलं आणि तो जोड शेजारच्यांच्या पोरांना खेळायला देऊन टाकला. मग तू हेल्मेटवर कॅमेरा लावलास. गाडी चालवताना एकटाच बोलायचास, "आता आपण कामशेत ओलांडत आहोत. डाव्या हाताला भाताची खाचरं आहेत." इतकी शुद्ध भाषा मी तुझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. वहिनींनी ते एकदा ऐकलं आणि बंद करायला लावलं.

मी तिथंच होतो तेव्हा. त्या म्हणाल्या, "ह्ये काय चालवलंय? शाळेची सहल निघाल्यागत. माझ्याशी बोलूच नका तुमी. भाऊजींशी न्हेमी बोलता तसं बोला. मी हाय आसं समजू नका. मी आपली आतून ऐकते."

आतून म्हणजे कसं, ते तुला आधी समजलं नाही, मला समजलं. पडण्याआधी आपण ओट्यावर बसायचो तेव्हा त्या चुलीपुढून आपलं बोलणं ऐकायच्या, आणि चहा घेऊन आल्या की मधेच कुणाची तरी बाजू घ्यायच्या. त्यांना तेच हवं होतं. रस्त्याचं वर्णन नको होतं.

म्हणून आपण दोघांचं बोलणं साठवणारं यंत्र शोधायला निघालो. ती दुपार मला लख्ख आठवते. दुकानातला मुलगा शिकलेला, हुशार, मनापासून समजावून सांगणारा. हेल्मेटला चिकटवायची डबी, आत कानापाशी चकतीएवढे दोन स्पीकर, तोंडापाशी माईक. बटण दाबायला नको, बोललं की दुसऱ्याला ऐकू येतं. त्याने एक महागातलं दाखवलं. लांबचं पकडतं, आठदहा गाड्या जोडता येतात, पावसात चालतं. मला तेच पटलं. माझं म्हणणं साधं होतं की धुक्यात चुकामूक झाली तर लांबचं ऐकू आलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. तू विचारलंस, "ह्यात रेकॉर्ड व्हतं का?" तो म्हणाला, गाणी ऐकू येतात, फोन घेता येतो, रेकॉर्डिंग नाही. दुसरं होतं ते रेकॉर्ड करायचं, पण त्यात ज्याचं हेल्मेट त्याचाच आवाज यायचा. तू ते तिथंच ठेवलंस. तिसऱ्यात दोघांचा यायचा. मात्र पल्ला अगदी कमी. मधे एखादं वळण आलं की खरखर.

त्या मुलाने तुला हेल्मेट घालून बोलून बघायला सांगितलं. तू म्हणालास, हितं वारा कुटं हाय? आणि त्याला टेबलफॅन आणायला लावलास. भर दुकानात तू हेल्मेट घालून पंख्यासमोर वाकून उभा, आणि मी बाहेर फुटपाथवर दुसरं हेल्मेट घालून. लोक थांबून बघत होते. तू ओरडून विचारलंस, "सुध्या, ऐकू येतंय का?" यंत्राची गरजच नव्हती. मग त्याने दाखवलं की आतलं एक सेटिंग चालू केलं की वारा आणि इंजीन दोन्ही गायब होतात, फक्त बोलणं उरतं. तू म्हणालास, ते बंद ठेव. तो म्हणाला, काका, लोक तर ह्याच्यासाठीच घेतात. तू म्हणालास, "घेऊ देत. आमच्या घरी गाडीचा आवाज पण पायजे."

परतीच्या रस्त्यावर आपण भांडलो. मी म्हणालो, एवढ्या कमी पल्ल्याचं काय कामाचं, जरा मागे पडलो की संपलं. तू म्हणालास, मग मागं पडू नको.

ते मी तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. तुझ्या त्या हट्टापायी आपण जवळ जवळ गाड्या चालवायला शिकलो. मी तुझ्या इतका मागोमाग राहायला लागलो की तुझ्या मागच्या चाकाला किती हवा आहे हे मला दिसायचं. लांबचं ऐकू येणारं यंत्र घेतलं असतं तर तू तुझ्या तंद्रीत पुढे गेला असतास आणि मी माझ्या तंद्रीत मागे. ते झालं नाही. याबद्दल मी तुझा ऋणी आहे. असं तोंडावर म्हणालो असतो तर तू हेल्मेटच्या आत हसला असतास आणि ते हसणंही रेकॉर्ड झालं असतं.

मग रविवारची एक रीतच पडली. सकाळी गुलाबाच्या पेट्या गाडीत चढवल्या की तू मोकळा व्हायचास. मी तळेगावहून कान्हे फाट्याला यायचो. डबीचं बटण दाबलं की कानात बाई बोलायची, कनेक्टेड, आणि पाठोपाठ तुझा आवाज, "हं." आपण काय बोलायचो? काही नाही. गुलाबावरचा भुरीचा रोग. माझ्या कंपनीत आलेला नवा मॅनेजर. भाजे लेण्यांपाशी गाड्या लावायला कुणी वावर मोकळं ठेवलंय. तिकोन्याच्या पायथ्याची भजी आधी बरी होती की आता. दुपारी तू घरी जाऊन ते सगळं मोबाईलवर घ्यायचास आणि वहिनींच्या उशाशी लावून पॉलिहाऊसवर निघून जायचास. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मला त्यांचा फोन. "भाऊजी, भज्यांचं तुमचं बरोबर हाय. ह्यांना काय कळतंय." किंवा, "मॅनेजरला येवढं घाबरता व्हय? मला न्हवतं माहीत." एकदा मी गाडीवर माझ्या बायकोबद्दल काहीतरी कुरकुर केली. तर सोमवारी वहिनींनी मला सोडून थेट तिलाच फोन केला. ते प्रकरण निस्तरायला मला आठवडा लागला.

सोपान, मी आता हे जे लिहिणार आहे ते आपलं अर्धवट राहिलेलं भांडण.

दुधिवरे खिंडीत चहा घेत होतो. हेल्मेटं गाड्यांवर, डब्या बंद. मी तुला विचारलं, त्या दिवसाबद्दल वहिनींशी कधी बोललास का? तू बराच वेळ ग्लास फिरवत बसलास.

"न्हाई."

"का?"

"समोर बसून न्हाई जमायचं मला. ती बघती तशी बघणार आन् माझं तोंडच उघडायचं न्हाई." मग म्हणालास, "गाडीवर बोलंन एकदा. त्याच वळणाला. रेकॉर्ड व्हईल. तिला लावून देईन आन् मी तवर बाहीर जाऊन बसंन."

मी म्हणालो, असलं यंत्रात बोलतात का? खोलीत जा, खाटेपाशी बस आणि बोल. नाहीतर बोलूच नको. तू चिडलास. म्हणालास, तुझ्या मागं बसून कोण पडलं न्हाई, म्हणून सोपं वाटतंय तुला. पुढे कधीतरी विषय निघेल असं दोघांनी धरलं आणि तो निघाला नाही.

पण तू तसं ठरवलं होतंस, म्हणून त्या वळणावर मी दरवेळी कान देऊन असायचो. खांडीकडे, आंदर मावळात गेलो की येताना ते यायचंच. मोरी यायची, तू बोलता बोलता थांबायचास. माझ्या कानात नुसतं तुझं इंजीन, आणि बारीक श्वास. आता बोलेल, असं मला वाटायचं. वळण संपायचं, वडेश्वरची घरं दिसायला लागायची आणि तू जिथं वाक्य तोडलं होतंस तिथूनच पुढे सुरू करायचास.

शेवटच्या रविवारीही. आपल्याबरोबर पाचवीत होता आणि मधेच शाळा सोडून गेला त्या पोराच्या नावावरून वाद चालला होता. मी दिगंबर म्हणत होतो. तू म्हणत होतास, "दशरथ. त्याची आई हाक मारायची ना वढ्यावरनं, ती..." आणि मोरी आली. मी वाट पाहिली. वळण झालं. मग तू म्हणालास, "दशरथच." त्या नावाचा निकालही लागलेला नाही. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, मला काय म्हाईत, मी काय तुमच्या वर्गात व्हते?

तेराव्यानंतर मंडप निघाला, पाहुणे गेले, तेव्हा मी एकदा दुपारचा घरी गेलो. अश्विनी आत झोपली होती. तिची ड्यूटी सुरू झाली होती आणि ती घरी आली की झोपायची. वहिनी खिडकीकडे पाहत पडल्या होत्या. उशाशी मोबाईल होता, बंद. मी खुर्ची ओढून बसलो. चहा कोण करणार म्हणून त्यांनी विचारलं नाही, मीही म्हणालो नाही. मला तुझा निरोप पोचवायचा होता. निरोप म्हणजे जे तू बोलणार होतास आणि बोलला नाहीस ते. मी पुन्हा पुन्हा मनात जुळवून गेलो होतो, आणि तिथं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "वहिनी, सोपानला तुमच्याशी बोलायचं होतं. त्या दिवसाबद्दल. त्याला जमलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू म्हणायचास तशाच पाहतात त्या.

"मला कळायचं की, भाऊजी."

"काय?"

"त्या वळणाला आलं की ह्ये गप व्हायचे. बोलणं अर्धं टाकून. येकदा झालं, दोनदा झालं, मग माझ्या ध्यानात आलं. मी हितं पडल्या पडल्या म्हणायची, आलं वळण."

मी विचारलं, मग तुम्ही त्याला तसं सांगितलं का नाही? त्यांनी पांघरुणाची किनार सारखी केली.

"सांगून काय करायचं? त्ये बोलले असते तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. चूक तुमची न्हवती आसं मी म्हणाले असते, तर ते खोटं झालं असतं. थोडी व्हतीच की. मी सांगत व्हते हळू घ्या. आन् तुमचीच चूक आसं मी म्हणाले असते, तर त्यांनी गाडीला परत हात लावला नसता. मग मी काय ऐकलं असतं दिवसभर?" मग म्हणाल्या, "गप ऱ्हायचे ते बरं व्हतं. मी पण गप ऱ्हायची. तेवढा येळ दोघं सोबतच असल्यागत वाटायचं."

सोपान, मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. रडू आलं असं लिहायला हवं, पण नाही आलं. खिडकीतून समोरच्या तारेवर वाळत घातलेले तुझे दोन शर्ट दिसत होते. कुणीतरी ते अजून धूत होतं. तू जे भांडण माझ्याशी केलंस त्यात तुझं बरोबर होतं की माझं, याचा मी विचार करत होतो आणि मला वाटतं, दोघांचंही चुकलं होतं. वहिनींना बोलणं नकोच होतं.

निघताना त्यांनी विचारलं, रविवारी जाणार का? मी म्हणालो, मन नाही. आणि एकटा जाऊन बोलणार तरी कुणाशी? त्या हं म्हणाल्या. तेवढ्यात अश्विनी दारात उभी दिसली. कधी उठली ते कळलं नाही. म्हणाली, "मी येते काका. पप्पांची गाडी घेऊन."

तुला माहीत आहे, तिने त्या अपघातानंतर गाडीकडे पाहिलंही नव्हतं. तू रविवारी निघालास की ती मुद्दाम आत जायची. कामावर स्कूटरने जाते, तीही घाबरत. मी नको म्हणणार होतो. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या तिला."

तुझं हेल्मेट तिला सैल झालं. आत ओढणीची घडी घालून बसवलं. गाडी तिने आधी घरापासून मंदिरापर्यंत दोनदा नेऊन आणली, दोनदा बंद पडली. मग निघालो. कानात ती बाई म्हणाली, कनेक्टेड. पाठोपाठ हं आलं नाही. अश्विनीचा श्वास येत होता, जोरात, घाबरलेल्या माणसाचा येतो तसा. मी पुढे झालो. पहिल्यांदाच पुढे. फळणं गेलं, वडेश्वर गेलं, ठोकळवाडीचं पाणी दिसायला लागलं. कुणीच काही बोललं नाही. मला सुचत नव्हतं, तिलाही नसावं. खांडीला तिच्या मामाकडे पाणी प्यायलो आणि परत फिरलो.

येताना मोरी ओलांडली आणि तिने गाडी थांबवली. मी पुढे जाऊन वळून आलो. ती खाली उतरली होती, हेल्मेट तसंच डोक्यावर, आणि रस्त्याकडे पाहत होती. खडी नव्हती. कठडा नवा बांधलाय, पांढरा-काळा रंग दिलाय. दोन म्हशी रस्ता ओलांडत होत्या. मला आठवलं की अपघातानंतर ती या रस्त्याने आलेलीच नव्हती. घरात ज्या जागेचं नावसुद्धा कुणी घ्यायचं नाही, ती नेमकी कुठली, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

"हे का?" तिने विचारलं.

"हो."

"एवढंसंच?" माझ्या कानात तिचा आवाज अगदी जवळून आला. "मला वाटायचं, खूप मोठं वळण असेल."

म्हशी गेल्या. ती परत बसली, तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली, आणि आपल्या गावाकडचा उतार लागेपर्यंत पुन्हा कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर अश्विनीने ते मोबाईलवर घेतलं आणि वहिनींच्या उशाशी लावलं. मला वाटलं होतं तू जायचास तसं आपणही बाहेर जाऊन बसावं, पण त्या म्हणाल्या, बसा. म्हणून आम्ही दोघं तिथंच भिंतीला टेकून बसलो. सगळं ऐकलं त्यांनी, डोळे मिटून. जाताना, येताना. वारा, इंजीन, मधे खांडीतल्या कोंबड्या. त्या वळणावरचं बोलणं आलं तेव्हा अश्विनी खाली पाहत होती. वहिनींचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, झोप लागली की काय. शेवटी घरापाशी गाडी बंद झाल्याचा आवाज आला आणि त्यांनी डोळे उघडले.

"भाऊजी, चढाला लय वरचा गिअर ठेवती ही. गाडी नुसती धापा टाकतीय. शिकवा तिला जरा."

मी म्हणालो, शिकवतो, येत्या रविवारी. अश्विनी मान वर करून म्हणाली, "आई, तुला काय कळतंय त्यातलं? तू कधी गाडी चालवलीस का?"

"चालवली न्हाई," वहिनी म्हणाल्या. "ऐकलीय."